चोंदलेलं नाक आणि फुटणारा घोळणा: घरी काय करावं, काय टाळावं

ऊस तोडणीला आला की कोल्हापूरच्या आसपासची हवा बदलते. गुऱ्हाळांची चुलवाणं पेटतात, तुटलेल्या फडांतलं पाचट जाळलं जातं, ट्रॉल्या धूळ उडवत कारखान्याकडे जातात आणि पहाटेची हवा गार आणि कोरडी असते. अशा दिवसांत घराघरांतून दोन तक्रारी ऐकू येतात. एक, "नाक गच्च झालंय, डोकं जड पडलंय." दुसरी, "पोराचा घोळणा फुटलाय, कांदा आणा आधी." पहिलीवर वाफ, बाम आणि जोरजोरात शिंकरणं. दुसरीवर कांदा हुंगवणं आणि डोकं मागे टाकून आडवं करणं. पुष्कळदा दोन्ही तक्रारी एकाच माणसाच्या असतात, तरी त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनात येत नाही.

संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. दोन्ही गोष्टी घडतात त्या नाकाच्या आतल्या एकाच अस्तरात. ते सुजलं की नाक चोंदतं, सुकून त्याला चिरा पडल्या की रक्त येतं. चोंदलेलं नाक मोकळं करायला आपण जो जोर लावतो आणि जी औषधं आपल्या मनाने घालतो, त्यांनीच हे अस्तर सुकतं आणि सोलवटतं. म्हणून घरच्या काळजीचं सूत्र साधं आहे: नाक ओलसर ठेवायचं आणि त्याच्यावर जबरदस्ती करायची नाही.

नाकाच्या आत काय चाललेलं असतं

श्वासातून घेतलेली हवा फुप्फुसांत पोचण्याआधी नाक तिला ऊब देतं, ओलावा देतं आणि तिच्यातली धूळ अडवतं. एवढ्या कामाला रक्ताचा भरपूर पुरवठा लागतो, म्हणून अस्तरात बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. त्यावर पातळ, चिकट द्रवाचा थर असतो. शेंबूड म्हणून आपण त्याला नावं ठेवतो, पण धूळ, परागकण आणि जंतू अडकतात ते त्यातच. अस्तरावरचे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म केस सतत एका दिशेने हलून हा थर घशाकडे ढकलत राहतात. आपण तो दिवसभर नकळत गिळत असतो, आणि त्यात काही बिघडत नाही.

नाकाभोवतीच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या असतात, त्या म्हणजे सायनस. त्यांच्या चार जोड्या: गालांत, कपाळात, दोन डोळ्यांच्या मधे आणि त्यांच्याही मागे, कवटीच्या तळाशी. प्रत्येक पोकळी बारीक छिद्राने नाकात उघडते. गालातल्या पोकळीची अडचण अशी की तिचं छिद्र तळाला नाही, वरच्या बाजूला आहे. गच्चीवरच्या टाकीला तोटी तळाशी न बसवता झाकणाजवळ बसवावी, तसं. त्यामुळे आत साठलेला द्रव आपोआप वाहून जात नाही. ते सूक्ष्म केसच त्याला वर चढवून बाहेर काढतात. धूर, बिडी-सिगारेट, विषाणू किंवा कोरडी हवा यांनी केसांचं काम मंदावलं, किंवा छिद्राभोवतीचं अस्तर सुजलं, की द्रव आत अडकतो, घट्ट होतो आणि गाल-कपाळ जड पडतं.

साध्या सर्दीत हे आठ-दहा दिवसांत निवळायला लागतं. पण नाक चोंदणं, पुढून किंवा घशात उतरणारा घट्ट स्राव, चेहऱ्यावर दाब आणि वास न येणं, यांतली निदान दोन लक्षणं १२ आठवडे किंवा त्याहून जास्त टिकली, आणि त्यांत चोंदणं किंवा स्राव यांपैकी एक असलं, तर डॉक्टर जुनाट सायनसच्या आजाराचा विचार करतात. हा आजार मुख्यतः सुजेचा असतो, दरवेळी जंतूंचा नसतो. म्हणून मागच्या खेपेला उरलेली अँटिबायोटिकची गोळी काढून घेणं चूकच. शेंबडाचा पिवळा-हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका द्रव्यामुळे येतो आणि तो विषाणूच्या साध्या सर्दीतही येतो. रंगावरून औषध ठरत नाही.

एका गोष्टीने मात्र घाबरू नका. निरोगी माणसाच्याही दोन नाकपुड्या दर काही तासांनी आळीपाळीने थोड्या बंद आणि थोड्या मोकळ्या होतात. रात्री कुशीवर झोपल्यावर खालची बाजू चोंदते, कूस बदलली की वरची मोकळी होते. एवढ्यावरून "नाकाचं हाड वाढलंय" असा निष्कर्ष काढून घाबरण्याचं कारण नाही.

रक्त येतं कुठून

नाकाचे दोन भाग करणारा जो मधला पडदा आहे, त्याच्या पुढच्या मऊ भागावर चार-पाच रक्तवाहिन्यांच्या फांद्या एकमेकींना मिळतात. बोट घातलं की टोक टेकतं ती हीच जागा. अमेरिकन शल्यविशारद जेम्स लिटल यांनी १८७९ मध्ये या जागेकडे लक्ष वेधलं आणि डॉक्टर आजही तिला लिटल्स एरिया म्हणतात. दहांतले साधारण नऊ घोळणे इथेच फुटतात. इथलं अस्तर पातळ, खाली लगेच कूर्चा म्हणजे मऊ हाड, आणि आत येणाऱ्या कोरड्या हवेचा पहिला झोत इथेच बसतो. अस्तर सुकतं, खपली धरते, खाज सुटते, खपली निघते, तिच्याखालची रक्तवाहिनी उघडी पडते.

"उष्णता झाली म्हणून घोळणा फुटला" हे आपल्याकडे सगळेच म्हणतात. कडक उन्हाळ्यात घोळणे फुटतात हे निरीक्षण खरं आहे. त्यामागे पोटातली उष्णता नसून हवेतला कोरडेपणा आहे, म्हणून थंडीच्या कोरड्या पहाटेही तेच होतं. सब्जा किंवा कोकम सरबत प्यायला हरकत काहीच नाही, पण ओलाव्याची गरज आहे ती नाकाच्या त्या नखाएवढ्या जागेला.

घोळणा फुटला तर

माणसाला खुर्चीवर किंवा पायरीवर बसवा. मान किंचित पुढे, हनुवटी छातीकडे, समोर एखादं पातेलं. अंगठा आणि तर्जनीने नाकाचा मऊ भाग चिमटीत धरा. इथे बहुतेकांचं चुकतं: वरचं हाड दाबून काही उपयोग नाही. नाकावरून बोट खाली आणा, हाड संपून जिथे नाक मऊ लागतं तिथून खाली दोन्ही नाकपुड्या पूर्ण मिटतील असं धरा. श्वास तोंडाने. तोंडात आलेलं रक्त गिळू नका, थुंका. आणि घड्याळ बघा. १० ते १५ मिनिटं चिमटी सोडायची नाही. दोन मिनिटांनी "थांबलं का बघू" म्हणून सोडलं की नुकती धरू लागलेली गुठळी निसटते आणि मोजणी पहिल्यापासून सुरू करावी लागते. लहान मूल घाबरलेलं असतं, त्याला मांडीवर पुढे झुकवून बसवा आणि चिमटी तुम्ही धरा. गाणं म्हणा, गोष्ट सांगा, पण बोटं हलवू नका.

डोकं मागे का टाकायचं नाही? त्याने रक्त थांबत नाही, फक्त दिसेनासं होतं. ते घशात उतरतं, पोटात साठलं की उलटी होते, श्वासनलिकेत गेलं तर ठसका लागतो, आणि रक्त किती गेलं याचा अंदाज घरच्यांना येत नाही.

कांद्याचा अनुभव पुष्कळांना आलेला असतो, कारण बहुतेक घोळणे काही मिनिटांत आपले आपणच थांबतात आणि श्रेय कांद्याला जातं. त्याच्या उग्र वासाने शिंक आली तर मात्र पुन्हा भळभळ सुरू होते. डोक्यावर गार पाणी घातल्याने अपाय नाही. फक्त त्या गडबडीत नाक धरायचं राहून जायला नको. दूर्वांचा रस, तूप, तुरटीचं पाणी यांतलं काहीही वाहत्या नाकात ओतू नका. कापसाचा कोरडा बोळा कोंबला तर तो खपलीला चिकटतो आणि काढताना जखम पुन्हा उघडते.

पहिल्या १५ मिनिटांनी रक्त थांबलं नाही तर आणखी १५ मिनिटं तसंच धरा. अर्ध्या तासातही थांबलं नाही तर दवाखाना गाठा. धार मोठी असेल तर एवढीही वाट बघू नका.

रक्त थांबल्यावर एक दिवस गरम चहा, कडकडीत पाण्याची अंघोळ आणि वाफाळता तांबडा रस्सा बाजूला ठेवा, कारण उष्णतेने रक्तवाहिन्या फुगतात. पुढचे आठ दिवस नाक शिंकरायचं नाही, खपली काढायची नाही, जड उचलायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून शिंका. सकाळ-रात्री पडद्याच्या पुढच्या भागावर स्वच्छ बोटाने, नखाचा स्पर्श न होऊ देता, व्हॅसलीनसारख्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. कानात घालायच्या बड्सनी खोल लावू नका. हे आठ-पंधरा दिवस करा आणि मुलांची नखं कापलेली ठेवा. एवढ्या साध्या गोष्टीने मुलांचे वरचेवर फुटणारे घोळणे पुष्कळदा थांबतात.

रक्तदाब असलेल्या घरातल्या मोठ्या माणसांचा घोळणा फुटला तर रक्त थांबायला वेळ लागतो, तेव्हा दाब तपासून घ्या. हृदयासाठी किंवा अर्धांगवायूनंतर रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. डोकेदुखीसाठी दुकानातून आणलेली अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मात्र अशा दिवसांत टाळलेली बरी. तीही रक्त गोठण्यात अडथळा आणतात.

मिठाच्या पाण्याने नाक धुणं

जुनाट चोंदण्यावर घरात करण्यासारखा सगळ्यांत भरवशाचा उपाय हाच. योगवर्गात गेलेल्यांना जलनेती माहीत असते, ती तत्त्वाने हीच. पाणी घट्ट स्राव, धूळ आणि परागकण वाहून नेतं, सूक्ष्म केसांचं काम सुधारतं आणि अस्तराला ओलावा देतं. म्हणजे चोंदणं आणि रक्त येणं, दोन्हींवर उपयोगी पडणारा उपाय. पण तो नीट केला तरच.

पाव लिटर पाण्याला साधारण अर्धा चहाचा चमचा बारीक मीठ, सपाट भरलेला, आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. मीठ फार कमी पडलं तर नाकात झोंबतं, फार जास्त झालं तरी झोंबतं. आपल्या रक्तातल्या खारटपणाच्या जवळपास असलं की काही जाणवत नाही. औषधाच्या दुकानात याची तयार पुडीही मिळते आणि नवख्याने तिच्यापासून सुरुवात करणं सोपं पडतं.

पाण्याबद्दल मात्र अजिबात तडजोड नको. नळाचं, बोअरचं, विहिरीचं पाणी थेट नाकात घालू नका. फिल्टरचं किंवा आरओचं पाणी प्यायला ठीक असतं, पण नाकासाठी ते निर्जंतुक धरता येत नाही. पाणी खळखळ उकळी आल्यावर तीन ते पाच मिनिटं उकळू द्या, झाकून कोमट होऊ द्या, मग वापरा. गोड्या पाण्यात क्वचित सापडणारा नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचू शकतो आणि तो आजार बहुतेकदा जीवघेणा ठरतो. केरळमध्ये २०२५ मध्ये अमीबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे अनेक रुग्ण आढळले. प्यायलेल्या पाण्यातून तो होत नाही, नाकात गेलेल्या पाण्यातून होतो. त्यामुळे उकळण्याचा कंटाळा आला असेल त्या दिवशी नाक धुऊच नका.

बेसिनवर वाका, मान एका बाजूला वळवा, तोंड उघडं ठेवा आणि "आऽऽ" म्हणत राहा. वरच्या नाकपुडीत नेतीच्या भांड्याची किंवा मऊ बाटलीची तोटी टेकवा आणि पाणी हलक्या धारेने सोडा. ते खालच्या नाकपुडीतून बाहेर येतं. अर्धं पाणी एका बाजूने, अर्धं दुसऱ्या बाजूने. बाटली जोरात दाबलीत तर पाणी कानाकडे जातं आणि दडे बसतात. झाल्यावर पुढे वाकून आत राहिलेलं पाणी गळू द्या, मग एकेक नाकपुडी धरून हळू शिंकरा. दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात शिंकरण्याची आपल्याला सवय असते. त्याने स्राव उलट सायनसमध्ये आणि कानात ढकलला जातो आणि खपल्याही सुटतात. भांडं धुऊन पूर्ण सुकवून ठेवा, एकाचं दुसऱ्याने वापरू नका.

दिवसातून एकदा, धुरळ्याच्या दिवसांत दोनदा पुरे. गुण दोन दिवसांत दिसत नाही, काही आठवडे धीर धरावा लागतो. घोळणा नुकताच फुटला असेल तर मात्र आठवडाभर धार सोडू नका. तोवर दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे साधे थेंब दिवसातून तीन-चारदा घाला, त्याने अस्तर ओलं राहतं.

थेंब, स्प्रे, वाफ आणि रस्सा

नाकात घातल्यावर पाच मिनिटांत नाक मोकळं करणारे थेंब औषधाच्या दुकानात सहज मिळतात. त्यांत झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असतं. ते सुजलेल्या रक्तवाहिन्या आक्रसून टाकतात. तीन दिवस, फार तर पाच दिवस, त्यापुढे नाही. पुढे त्यांचा असर उतरला की अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं, मग माणूस पुन्हा थेंब घालतो, आणि महिनोन्‌महिने बाटली उशाशी घेऊन झोपणारी माणसं तयार होतात. त्यांना आपला सायनस बळावलाय असं वाटत असतं. खरं तर ते चोंदणं त्या बाटलीचंच असतं. शिवाय अस्तर सुकतं आणि घोळणे फुटू लागतात. ही बाटली तुमच्याही उशाशी असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना तसं स्पष्ट सांगा. ती सोडवण्याची रीत आहे आणि ती नक्की सुटते.

फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा स्प्रे ही वेगळी गोष्ट. तो सूज कमी करणारा स्टेरॉइड आहे, पण नाकापुरता. अंगात फारच थोडा शोषला जातो. डॉक्टरांनी दिला असेल तर नावाला घाबरून सोडू नका. त्याचा गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, रोज मारावा लागतो. तो मारण्याची पद्धत मात्र दुकानात कुणी सांगत नाही आणि बहुतेकांचं नाक त्यामुळेच रक्ताळतं. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत, आणि स्प्रेच्या नळीचं तोंड त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. अशाने फवारा मधल्या पडद्यावर न बसता बाहेरच्या भिंतीवर बसतो. जोरात हुंगू नका, नाहीतर औषध सरळ घशात उतरतं. आधी नाक धुवा, दहा-पंधरा मिनिटांनी स्प्रे मारा. रक्त दिसू लागलं तर थांबा आणि डॉक्टरांशी बोला.

वाफेने थोडा वेळ बरं वाटतं, स्राव सैल होतो. आजार त्याने जात नाही. मोठ्या माणसाने घ्यायला हरकत नाही, पण उकळत्या पातेल्यावर चादर पांघरून लहान मुलाला बसवणं धोक्याचं आहे. पातेलं कलंडून भाजलेली मुलं दवाखान्यात येतात. बामातल्या मेंथॉलने नाक मोकळं झाल्याचा भास होतो, कारण ते गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. हवेची वाट मात्र तेवढीच राहते. कापूर असलेला बाम दोन वर्षांखालच्या बाळाला लावूच नका. तेल-तुपाचे थेंब रोज झोपताना नाकात घालण्याचीही चाल आहे. म्हातारी माणसं आणि बाळं यांच्या बाबतीत ते नकळत फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून नस्य करायचं असेल तर जाणत्या वैद्यांच्या देखरेखीखाली.

तांबडा रस्सा ओरपला की नाक वाहायला लागतं आणि "सगळं मोकळं झालं" असं वाटतं. मिरचीतल्या द्रव्याने नाकाच्या ग्रंथी पाझरू लागतात, आणि गरम वाफेचीही भर पडते. तासाभराचा आराम आहे तो. जेवणाचा आनंद म्हणून घ्यावा, औषध म्हणून त्यावर विसंबू नये. चोंदलेलं नाक उघडायला तपकीर ओढणाऱ्यांना मात्र कळकळीने सांगावंसं वाटतं की ती बंद करा. शिंका येऊन क्षणभर नाक उघडतं, पण तंबाखूची पूड रोज त्याच अस्तरावर बसून त्याचं कायमचं नुकसान करते.

कामाची जागा, तालीम आणि ओलीची घरं

शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डिंगला (वाळूचे साचे करायला) किंवा फेटलिंगला (ओतलेले भाग घासून साफ करायला) असलेला माणूस संध्याकाळी नाक शिंकरतो तेव्हा रुमालावर काळं दिसतं. ती दिवसभराची वाळू आणि धातूची धूळ. गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाड सारणाऱ्याची आणि इचलकरंजीत यंत्रमागावर उभ्या असलेल्याची तीच कथा, फक्त धूळ वेगळी. तोंडाला बांधलेल्या टॉवेलने जाड धूळ अडते, बारीक धूळ अडत नाही. एन-९५ मास्क, नाकावर नीट दाबून बसवलेला, आणि घरी आल्यावर जेवणाआधी मिठाच्या पाण्याने नाक धुणं, एवढं जरी नेमाने केलं तरी रात्रीची झोप बदलते. आणि वाळूची धूळ फुप्फुसांनाही सोडत नाही, म्हणून मास्कची गरज नाकापुरती नाही.

तालमीतल्या पोरांसाठी एक धोक्याची सूचना. कुस्तीत नाकावर डोकं किंवा कोपर बसून रक्त येतं, थांबतं, आणि पोरगं पुन्हा मातीत उतरतं. पण मार लागल्यानंतर काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांत नाक गच्च बंद होऊन दुखायला लागलं, तर पडद्यात रक्त साठलेलं असू शकतं. मधल्या कूर्चेला रक्तपुरवठा मिळतो तो तिच्यावरच्या पातळ आवरणातून. मधे रक्त साठलं की तो तुटतो, काही दिवसांत कूर्चा मरते आणि नाक मधोमध खचतं. हे त्याच दिवशी डॉक्टरांकडून रिकामं करून घ्यायचं काम आहे, हळद लावून बघत बसण्याचं नाही. वस्तादांनी एवढं ध्यानात ठेवलं तर पुष्कळ नाकं वाचतील.

२०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी ज्या घरांत शिरलं, तिथे भिंतींची ओल आणि बुरशीचा कुबट वास बरेच दिवस टिकतो. पावसाळ्यात एरवीही भिंतीला लावलेल्या कपाटामागे काळे ठिपके येतात. बुरशी आणि गादीतल्या धुळीत वाढणारे सूक्ष्म किडे यांनी अ‍ॅलर्जी होते: सकाळी उठल्याउठल्या शिंकांची माळ, नाकाला-डोळ्यांना खाज, पाण्यासारखा स्राव. सायनस समजून वर्षानुवर्षं गोळ्या खाणाऱ्या अनेकांना खरं तर ही अ‍ॅलर्जीच असते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, ऊन पडेल त्या दिवशी गाद्या-उश्या उन्हात टाका, चादरी-अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवा, आणि कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

डोकेदुखीचंही तसंच. एका बाजूला ठणकणारं, उजेड-आवाज सहन न होणारं, मळमळ आणणारं दुखणं बहुतेकदा अर्धशिशीचं असतं, जरी ते गालात आणि डोळ्यांच्या मागे जाणवलं तरी. आणि एकाच बाजूने घाण वासाचा स्राव येत असेल तर वरची दाढ तपासून घ्या. दाढेच्या मुळाशी झालेला पू गालातल्या सायनसमध्ये उतरतो आणि दाढेवर उपचार झाल्याशिवाय तो थांबत नाही. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून असा स्राव आला तर त्याने शेंगदाणा किंवा मणी कोंबला असण्याची शक्यता मोठी. घड्याळातली चपटी बॅटरी असेल तर ती काही तासांत आतलं अस्तर जाळते, तेव्हा लगेच निघा.

घरी थांबायचं नाही असे प्रसंग

रक्त घशातून मागे उतरत राहिलं, चक्कर आली, चेहरा पांढरा पडला. अपघातानंतर रक्तासोबत पातळ पाणी नाकातून गळू लागलं. दोन वर्षांखालच्या बाळाच्या नाकातून रक्त आलं. ताप असताना घोळणा फुटला किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर लगेच दवाखाना. पावसाळ्यात ताप आणि घोळणा एकत्र आले तर डेंग्यूची तपासणी होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका. चोंदलेल्या नाकासोबत डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं, तीव्र डोकेदुखी, मान आखडणं यांतलं काही दिसलं तर तेही तातडीचं. मधुमेह असलेल्या माणसाच्या नाकात काळी खपली, गालाला बधिरपणा, चेहऱ्यावर सूज असेल तर २०२१ मधला म्युकरमायकोसिस, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार, आठवा आणि तासभरही दवडू नका.

तातडी नसली तरी दाखवायलाच हवं असंही काही आहे. एकच नाकपुडी सतत बंद आणि तिच्यातूनच अधूनमधून रक्त, विशेषतः चाळिशीनंतर. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला एका बाजूने मोठाले घोळणे आणि नाक बंद. या वयातल्या मुलांत नाकामागे रक्तवाहिन्यांची एक विशिष्ट गाठ होते. घरातल्या अनेकांना घोळण्याचा त्रास आणि ओठांवर-जिभेवर बारीक लाल ठिपके असतील तर तो रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक दोष असू शकतो.

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात किंवा तुमच्या नेहमीच्या तज्ज्ञांकडे गेलात तर ते दुर्बिणीने नाक आतून बघतात. वरचेवर फुटणारी जागा दिसली तर तिला बधिर करून ती बंद करणारं सिल्व्हर नायट्रेट हे रसायन लावतात. काही सेकंदांचं काम. चोंदण्यासाठी सीटी स्कॅन सहसा लगेच करत नाहीत, काही आठवडे नाक धुणं आणि स्प्रे नीट वापरून फरक पडला नाही तर करतात. म्हणून जाताना सगळ्या औषधांच्या आणि थेंबांच्या बाटल्या सोबत न्या, आणि रक्त कुठल्या नाकपुडीतून, किती वेळ, महिन्यातून किती वेळा येतं हे लिहून न्या. नाकात मांस वाढलेलं असेल किंवा छिद्रं अगदीच बुजली असतील तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया करतात. तिने वाटा उघडतात, पण सुजेची प्रवृत्ती जात नाही, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरही डॉक्टर सांगतील तितके महिने उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि स्प्रे चालू ठेवावा लागतो.